वाढलेल्या तेलाची कागदपत्रं

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या पुराविषयी निवेदन केलं. ते म्हणजे जवळजवळ गावनिहाय यादीच आहे. रावणगावात २२५ नागरिक अडकलेले. हसनाळमधून ८ जणांची सुटका. भासवाडीत २० आणि भिंगेलीत ४० जण अडकलेले, पण सुरक्षित. लेंडी धरणक्षेत्रात आदल्या दिवशी सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यात लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडून आलेल्या पाण्याची भर पडली, असंही त्यात सांगितलं आहे. एनडीआरएफ, लष्कर आणि पोलिस यांची पथकं कामाला लागल्याचा उल्लेख आहे. बोटीच्या इंजिनाचा अर्थातच नाही. मुख्यमंत्र्यांच्या निवेदनात तो असायचं कारणही नाही.

तरी हा कागद इथं पुढ्यात घेतला आहे तो इंजिनासाठीच. पेशव्यांच्या जमाखर्चावरून अभ्यासक त्या काळचे धान्याचे भाव काढतात. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात तो प्रश्न नव्हता, पण उत्तर त्याच्या आकड्यांत पडलेलं होतं. पूरबचावाच्या कागदांना असाच एक आडवा प्रश्न विचारता येतो. बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनातलं तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही पुढं जातं, ते कशामुळं? जगभरच्या बोटवाल्यांना छळणारा हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या पूरबोटीला लागू होतो का, आणि होत असेल तर कुठल्या वाटेनं, हे उपलब्ध कागदांवरून जुळवून पाहायचं आहे.

आधी काम काय, ते ठरवू. मुखेडच्या यादीतली गावं लेंडीच्या काठची आहेत. तिथं बोट चालते ती नदीच्या धारेत कमी आणि बुडालेल्या वस्तीत, शेतात, रस्त्यावर जास्त. पाण्याखाली काटेरी तारेचं कुंपण, बोरी-बाभळी, विजेचे खांब, मोटारींचे पाइप. अशा ठिकाणी पूर्ण वेगानं बोट हाकणारा चालक शहाणा म्हणायचा नाही. म्हणजे इंजिन मंद फिरतं, घराच्या गच्चीशी बोट लावताना न्यूट्रलला पडतं, माणसं चढेपर्यंत बंद होतं, पुन्हा चालू होतं, उथळ भागात वर उचललं जातं. हे निवेदनात लिहिलेलं नाही, अनुमान आहे. पण चार गावांची नावं आणि माणसांचे आकडे एकत्र ठेवले की दुसरं काही संभवत नाही.

सप्टेंबर २०२१चे कागद याला दुजोरा देतात. गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यावर पाऊस ओतला आणि २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडावे लागले. लातूर जिल्ह्यात सारसा इथं मांजरेच्या काठी चाळीसजण अडकले होते, त्यांतल्या पंचवीसजणांना बोटीनं काढल्याचं त्या दिवशीच्या वृत्तांत आहे. काही ठिकाणी हेलिकॉप्टर वापरावं लागलं. पंचवीस माणसं म्हणजे रबरी बोटीच्या दोन-चार खेपा. प्रत्येक खेप छोटी. इंजिन धड तापलं न तापलं तोच काठ येतो.

आणि याच मांजरेच्या बाबतीत पाच वर्षं मागं गेलं की तिसरा कागद सापडतो, तो रेल्वेचा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. ज्या शहराला पिण्याचं पाणी रुळांवरून आणावं लागत होतं, तिथं त्या वर्षी बचावबोट पाण्यात उतरवून चालवायची कुठं? मराठवाड्यातल्या पूरबोटीच्या आयुष्याचा हा साचा आहे. कोरडी वर्षं सलग, मग एखाद्या रात्रीत छातीएवढं पाणी, मग पुन्हा शेड. कोकणातल्या मासेमारी बोटीचं इंजिन रोज तासन्‌तास राबतं. इथलं इंजिन सालभर बसून राहतं आणि चार दिवस रडतखडत चालतं.

(गोदावरीवर नांदेडच्या आसपास रोज चालणारी इंजिनं वेगळीच आहेत. वाळूउपशाच्या तराफ्यांवरची ती डिझेल इंजिनं. महसूल आणि पोलिसांची पथकं ती जप्त करतात, जाळतात, प्रसंगी जिलेटीन लावून उडवतात. त्यांच्या आयुष्यातला शेवटचा कागद पंचनामा असतो आणि त्यात तेलाची पातळी कोणी बघत नाही. त्यांना इथंच सोडू.)

आता इंजिनाचे कागद. आउटबोर्डचा इतिहास बराचसा दोन-स्ट्रोकचा आहे. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूडनं अमेरिकेत आपली मोटर बाजारात आणली तेव्हापासून नव्वदीच्या दशकापर्यंत बोटीमागची मोटर म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, हे प्रमाण पुढं सर्वांच्या तोंडी झालं. अशा इंजिनात तेलाची टाकीच तळाला नसते. जे तेल जातं ते जळून धुरावाटे बाहेर पडतं. त्यामुळं तेल वाढण्याचा प्रश्नच तिथं उपजत नाही. चार-स्ट्रोक आउटबोर्ड मधूनमधून डोकं वर काढत होतं. होंडानं १९६४ मध्ये जीबी३० हे छोटं चार-स्ट्रोक काढलं होतं. पण बाजार हलला तो एका सरकारी कागदानं. ४ ऑक्टोबर १९९६ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं आउटबोर्ड इंजिनांच्या धुराविषयीचा अंतिम नियम प्रसिद्ध केला. जुन्या दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त न जळताच बाहेर पडतो, हा त्या नियमामागचा मुख्य मुद्दा होता. १९९८ पासून टप्प्याटप्प्यानं हा धूर कमी करत न्यायचा होता. कारखाने मोठ्या चार-स्ट्रोक इंजिनांकडं वळले ते या सुमारास.

चार-स्ट्रोक आलं म्हणजे तेलाचं कुंड आलं, डिपस्टिक आली आणि पातळी बघणं आलं. आउटबोर्डची घडण मोटारीपेक्षा निराळी असते. क्रँकशाफ्ट उभा, सिलिंडर आडवे, आणि तेल साठतं ते डोक्याखालच्या भागात. थंड करायला रेडिएटर नाही. खालच्या गिअरपेटीजवळचा रबरी इंपेलर नदीचंच पाणी वर ओढतो, ते इंजिनाभोवती फिरून बाहेर पडतं. समुद्रात पाणी फार तापलं तर क्षार आत चिकटतात, म्हणून या इंजिनांचे थर्मोस्टॅट मोटारीच्या मानानं बऱ्याच कमी तापमानाला उघडतील असे ठेवलेले असतात. मोटारीचं इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर स्थिरावतं, आउटबोर्ड त्याहून बरंच खाली. आपल्याकडची नदी गोड्या पाण्याची, पण यंत्र समुद्राच्या हिशेबानं थंड राखलेलं.

थंड इंजिनात काय होतं, हे शोधायला मात्र आउटबोर्डच्या कागदांत शिरायची गरज नाही. त्याच्या खूप आधी हा प्रश्न मोटारींत धसास लागला होता.

१९२२ मध्ये अमेरिकेत एक सहकारी संशोधन सुरू झालं. त्यात पेट्रोल शुद्ध करणारे, मोटारी बनवणारे, एसएई ही अभियंत्यांची संस्था आणि सरकारचं ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स हे चौघे होते. प्रश्न धंद्याचा होता. मोटारी भराभर वाढत होत्या आणि एका पिंप कच्च्या तेलातून जास्त पेट्रोल काढायचं तर जड, सहज न उडणारे अंशही त्यात घ्यावे लागणार होते. त्यानं मोटार चालते का, इंधन किती जास्त लागतं, आणि इंजिनाखालच्या तेलात पेट्रोल किती उतरतं, हे मोजायचं ठरलं. याच सहकार्यातून पुढं ऑक्टेन मोजायचं प्रमाणित इंजिन निघालं, त्यामुळं त्याचं नाव राहिलं ते ऑक्टेनसाठी. पण पहिल्या फेरीतलं एक मुख्य मोजमाप तेलात उतरणाऱ्या पेट्रोलचं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांच्या निष्कर्षांतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली : थंडीत, आणि इंजिनाभोवतीचं पाणी गार असताना, तेलात पेट्रोल जास्त उतरतं. सिलिंडरच्या गार भिंतीवर पेट्रोलची वाफ द्रव होऊन बसते, पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली नेतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि दुर्लक्षित. तेलात उतरणारं पेट्रोल बेसुमार वाढत नाही. एकीकडून येतं, दुसरीकडून तेल तापलं की वाफ होऊन उडतं, आणि एका टप्प्यावर आवक-जावक सारखी होते. मग पातळी थांबते. तो टप्पा कुठला, ते इंजिन किती गरम राहतं यावर ठरतं.

म्हणून माझ्या मते वाढणाऱ्या तेलाविषयीचा पहिला प्रश्न ‘किती वाढलं?’ हा नाही. ‘वाढायचं थांबलं का?’ हा आहे. थंड वापरानं वाढलेलं तेल कुठंतरी थांबतं. इंधनपंपाच्या फाटलेल्या रबरी पडद्यातून झिरपणारं पेट्रोल थांबत नाही, ते इंजिन चालेल तितका वेळ येतच राहतं. बऱ्याच मेकॅनिकांना हा फरक अनुभवानं ठाऊक असतो. पण तो सिद्ध करायला दोन तारखांना घेतलेली दोन मापं लागतात, आणि तीच बहुतेक ठिकाणी नसतात.

उलट बाजूचा पुरावा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या पुस्तिकांत आहे. कडाक्याच्या थंडीत तेल इतकं घट्ट व्हायचं की सकाळी इंजिन फिरेना. उपाय असा काढला की रात्री इंजिन बंद करण्याआधी वैमानिकानं एक बटण दाबून मुद्दाम तेलात पेट्रोल सोडायचं. स्पिटफायरसारख्या विमानांच्या ‘पायलट्स नोट्स’मध्ये या कामासाठी वेगळा परिच्छेद आहे. सकाळी पातळ तेलावर इंजिन सहज चालू व्हायचं आणि पुढं इंजिन तापलं की ते पेट्रोल उडून जायचं. जे बोटवाल्याला रोग वाटतं ते तिथं वैमानिकाच्या कामाचा भाग होतं. फरक एवढाच की विमान पुढं पूर्ण ताकदीनं उडणार होतं. रावणगावच्या गल्लीत फिरणाऱ्या बोटीला ती संधी मिळत नाही.

अलीकडचा दाखला हवा तर २०१८ सालचा आहे. चीनच्या उत्तर भागातल्या थंडीत होंडाच्या सीआर-व्ही गाडीच्या दीड लिटर टर्बो इंजिनात तेल वाढू लागलं, तेलाला पेट्रोलचा वास येऊ लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्री थांबवावी लागली, लाखो गाड्या परत बोलावण्याचा विषय निघाला. थंड हवा आणि घर ते बाजार एवढेच छोटे फेरे, ही जोडी तिथंही होती. म्हणजे १९२२ मध्ये मोजायला घेतलेली गोष्ट जवळजवळ शतकानंतर, संगणकानं इंधन तोलणाऱ्या इंजिनातही पुन्हा उगवली.

मराठवाड्यात यासाठी चीनपर्यंत जायची गरज नाही, असं एखादा जुना दुकानदार म्हणेल. भारनियमनाच्या वर्षांत लातूर-नांदेडच्या बाजारात दुकानासमोर जे छोटे जनरेटर धडधडायचे, त्यांतले कितीतरी पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे होते. तेही चार-स्ट्रोकच. पेट्रोलवर नीट तापू न देता घाईनं कॉक रॉकेलकडं फिरवला की पांढरा धूर, आणि काही दिवसांत तेल पातळ. ‘ऑइलला रॉकेलचा वास मारतोय’ हे वाक्य त्या काळी कुठल्याही गॅरेजात ऐकू यायचं. इंधन वेगळं, घडणारी गोष्ट तीच.

आता आउटबोर्डच्या पुस्तिकांकडं वळू, कारण खरा तिढा त्यांच्यात आणि कचेरीच्या कागदांत आहे. यामाहाच्या चार-स्ट्रोक आउटबोर्डच्या मालकपुस्तिकेत नव्या इंजिनाचे पहिले दहा तास आखून दिलेले असतात. पहिला तास मिनिटाला दोन हजार फेरे किंवा अर्धी मूठ (थ्रॉटल), दुसरा तास तीन हजार किंवा पाऊण मूठ, आणि पुढचे आठ तास पूर्ण मूठ सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही. हेतू हा की रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून नीट बसाव्यात. त्यासाठी भार लागतो. नुसत्या मंद फिरवण्यानं रिंगा बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होऊन जाते आणि मग जळता वायू आणि पेट्रोल दोन्ही खाली उतरतात. वर्षाकाठी जे इंजिन मोजके तासच चालतं त्याचे हे दहा तास पुरे व्हायला किती पावसाळे जातील, ते ज्याचं त्यानं मोजावं. होंडाच्या पुस्तिकेत तेलबदलाचं वेळापत्रक पहिल्यांदा २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी असं आहे, जे आधी येईल ते. पूरबोटीच्या बाबतीत महिनेच आधी येतात. कागदावर मात्र तासांकडं बोट दाखवलं जातं आणि ‘अजून तास भरले नाहीत’ म्हणून तेच तेल राहतं.

कचेरीच्या बाजूला काय आहे? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३१ व्या कलमान्वये प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो. देशपातळीवर बचावसाहित्याची संगणकीय यादीही आहे, ज्यात वस्तू, संख्या, कुठल्या खात्याकडं आणि कोणाशी संपर्क साधायचा हे नोंदवलेलं असतं. रात्री दोन वाजता बोट कुठून मागवायची, हे सांगायला ती यादी केलेली आहे आणि त्या कामाला ती पुरते. बोट ‘आहे’ हे तिच्यात कळतं. इंजिन किती तास चाललं, कसं चाललं, हा तिचा विषयच नव्हे. त्यासाठी शेडमधली नोंदवही.

आणि नोंदवहीत चाचणी भरायची तर चाचणी घेणार कशी? पाणी नसलेल्या महिन्यांत ती पिंपात होते. निम्मं पिंप पाण्यानं भरायचं, इंजिनाचा खालचा भाग त्यात सोडायचा, चालू करायचं, पाच-दहा मिनिटं मंद फिरवायचं, बंद. ‘इंजिन चालू स्थितीत’ असा शेरा. याच शेऱ्याकडं मला संशयानं बघावंसं वाटतं. थंड इंजिन चालू करताना चोक ओढलेला असतो, किंवा इंजेक्शनच्या इंजिनात संगणक स्वतःहून जादा पेट्रोल सोडतो. पिंपातल्या मंद फिरण्यावर भार शून्य, तेल तापत नाही. म्हणजे पेट्रोल उतरण्याची सगळी तजवीज आहे आणि उडण्याची एकही नाही. अशा चाचण्या जितक्या नेमानं होतील तितकं तेल वाढेल. देखभालीचा पुरावा म्हणून जी सही पडते, तीच वाढीचं कारण नोंदवत असते. पिंपात चाचणी घेऊ नये असं मी म्हणत नाही. इंपेलर पाणी फेकतो की नाही, हे तिच्यातून कळतं. पण त्या दहा मिनिटांची किंमत तेलात चुकती होते, हे धरून चालावं.

आता प्रत्यक्ष बोटीजवळ. डिपस्टिक वाचायची ती इंजिन उभं, बोट सपाट आणि यंत्र गार असताना. इंजिन वर उचलून ठेवलेलं असेल तर खाली सोडल्याबरोबर घेतलेलं माप फसवं. आडवं पडलेलं तेल खाली यायला वेळ लागतो. नुकतं बंद केलेलं इंजिन कमी दाखवतं, कारण निम्मं तेल अजून वरच असतं. तेव्हा एक दिवस संध्याकाळी आणि एक दिवस सकाळी, असं वाचून ‘वाढलं’ म्हणण्यात अर्थ नाही. डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून, काढून, खूण बघायची. मग बोटावर थेंब घेऊन अंगठ्यानं चोळायचा : तार धरतो की पाण्यासारखा सरकतो? मग वास. पेट्रोलचा वास लपत नाही. टिपकागदावर थेंब सोडला तर पेट्रोल पसरून बाहेर फिकट कडं होतं. प्रयोगशाळेत हेच काम नमुना पाण्याबरोबर उकळून, वाफेतलं पेट्रोल वेगळं गोळा करून मोजतात. पण तालुक्याच्या गावी नाक आणि टिपकागद पुरे.

रंग बघायला विसरू नये. तेल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर प्रकरण वेगळं. ते पेट्रोल नव्हे, पाणी. गॅस्केट गेलेलं असेल किंवा पुरात बोट उलटून इंजिन बुडालेलं असेल. तिथं वाट बघायची नसते, त्याच दिवशी तेल काढायचं. थोडा वेळ उभं ठेवून खालचा बोल्ट सैल केला तर पाणी आधी येतं आणि शंका उरत नाही.

वास पेट्रोलचा आणि रंग स्वच्छ, असं असेल तर शोध दोन फांद्यांनी जातो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल ओढणारा पंप बऱ्याचदा हेडच्या झाकणावर बसवलेला असतो आणि त्याच्या रबरी पडद्याच्या मागं थेट इंजिनाचा आतला भाग. पडदा फाटला की पेट्रोलला तेलापर्यंत सरळ रस्ता. इंजेक्शनच्या इंजिनात गळका इंजेक्टर किंवा वाफ वेगळी करणाऱ्या छोट्या टाकीतली फ्लोटची सुई अडकणं, हे संशयित. ही न थांबणारी वाढ. दुसरी फांदी थंडाव्याची आणि तिथं मराठवाड्याचं पाणी आपली करामत दाखवतं. काळ्या मातीचा गाळ घेऊन आलेलं लेंडी-मांजरेचं पाणी इंपेलर ओढतो. त्यातला एखादा खडा, काडी, मुळाचा तंतू थर्मोस्टॅटच्या झडपेत अडकला की झडप मिटत नाही. इंजिन तापत नाही, पण तापमानाचा भोंगाही वाजत नाही, कारण भोंगा जास्त तापल्यावर वाजायला केलेला. गाळानं इंजिन तापेल, ही भीती सगळ्यांना असते. गाळानं ते गारही राहू शकतं, हे कोणाच्या यादीत नसतं. थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह टाकून तापवला की किती अंशांना उघडतो ते डोळ्यांनी दिसतं. पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोट ढकलणारा पंखाही (प्रॉपेलर) बघावा. पूर्ण मूठ दिल्यावर इंजिनानं पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांच्या पल्ल्यात यायला हवं. बोट माणसांनी ठासून भरलेली आणि पंख्याचा पिच जास्त, तर इंजिन दबून चालतं, भार भरपूर आणि फेरे कमी, आणि रिंगांवरून खाली जाणारा वायू वाढतो. हे त्याच इंजिनाच्या दोन दुखण्यांतलं दुसरं. पिंपात भार नाही, पुरात नको तेवढा.

अलीकडं एक नवी भानगड आहे आणि ती दोन छापील कागदांच्या भांडणातून दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि दोन-अडीच वर्षांत देशभर सर्रास तेच मिळू लागलं. नामांकित आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा साधारण १० टक्के लिहिलेली असते. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. गार इंजिनात ते सहज उडत नाही, जुन्या रबराला मानवत नाही, आणि पाणी ओढून घेतं. शेडमध्ये आठ महिने टाकीत पडलेलं पेट्रोल हा म्हणूनच तेलवाढीच्या चौकशीतला एक साक्षीदार धरावा. टाकी रिकामी करून ठेवणं हा यावरचा साधा तोडगा.

तेल वाढलं म्हणून घाबरून हेड खोलण्याची घाई होते, त्याबद्दल एवढंच. पातळ तेलानं बेअरिंगची झीज होते, पातळी फार वर गेली तर क्रँक तेल घुसळून फेस करतो, फेस वाफनळीतून हवेच्या वाटेनं इंजिनात शिरतो आणि धूर येतो. ही सगळी खरी नुकसानं आहेत आणि खुणेच्या वर गेलं की सगळं तेल काढून नवं घालणं, यात तडजोड नको. नुसतं वरचं जादा काढून टाकलं तर पातळी खुणेवर येते आणि पातळ तेल आतच राहतं. हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्यानं पुरावाही जातो. पण नवं तेल घालून, थर्मोस्टॅट तपासून, इंजिन एकदा नीट भाराखाली चालवून, पातळी थांबते का हे बघितल्याशिवाय हेडला पाना लावणं मला पटत नाही.

भाराखाली चालवायला जागा आहे. नांदेडला विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे, आणि बऱ्या पावसाच्या वर्षी लातूर भागाला मांजरा धरणाचा साठा आहे. पूर ओसरल्यावर बोट थेट शेडमध्ये न टाकता अशा मोकळ्या पाण्यात अर्धा-पाऊण तास चढत्या मुठीनं चालवली, तेल गरम असतानाच सोडलं आणि मोजपात्रात धरलं, तर एक आकडा हाती येतो. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनात साधारण दोन लिटर तेल बसतं. ओतलं होतं दोन लिटर आणि निघालं दोन लिटर दोनशे मिलिलिटर, तर निदान ते दोनशे तरी पेट्रोलच्या खात्यावर. तारीख, इंजिनाचे तास, ओतलेलं तेल, निघालेलं तेल, वास, रंग : नोंदवहीत सहा रकाने. पुढच्या बदलाला हेच सहा रकाने पुन्हा भरले की न थांबणारी वाढ आणि थांबलेली वाढ एका ओळीखाली दुसरी ओळ ठेवून वाचता येते, आणि मग फाटलेला पडदा शोधायचा की पिंपातली चाचणी बदलायची, हे मेकॅनिकला कागदावरूनच ठरवता येतं.